नाव घातलेलं इंजिन

नगर जिल्ह्यात मोटारी पुष्कळ झाल्या, मोटारवालेही झाले, पण हंड्या-घागरींवर घालतात तसं नाव घातलेली मोटार सबंध जिल्ह्यात एकच होती, आणि ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची होती. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. त्या नावावरून मी स्वतः कितीदा फडकं फिरवलेलं आहे. जिल्ह्याबाहेर कुठे दुसरी असेल तर दाखवावी, मी आपलं म्हणणं मागे घेईन. पण मला नाही वाटत कुणी दाखवील. तशी मोटार असायची तर आधी तशी बाई असावी लागते, आणि तशी बाई पुन्हा झाली नाही.

आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. मी धाकटी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, घर अक्काच बघायच्या. त्यांचे वडील मोठे बागायतदार आणि ही एकुलती लेक. लग्नात त्यांनी भांडीकुंडी दिली, दुभती गाय दिली, आणि वर आपली वापरातली काळी विलायती मोटार आंदण म्हणून दिली. आता आंदणाची रीत अशी, की भांड्यावर मुलीचं नाव घालायचं, म्हणजे सासरच्या भांड्यांत ते मिसळलं तरी कुणाचं ते कळतं. मांडवात नावं घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला होता. घंगाळ झालं, हंडे झाले, ताटं-वाट्या झाल्या, पळ्यासुद्धा झाल्या, आणि नवरी हळदीच्या अंगाने उठून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "आन मोटारीवर कोन घालनार?" वडील हसले, पण लेक हसेना. त्या बिचाऱ्याने दाराच्या पत्र्यावर छिन्नी टेकवून पाहिली, तर पत्रा ढोलासारखा वाजला आणि रंगाचा टवका उडाला. मग अक्कांनीच बॉनेट उघडायला लावलं, आत बोट दाखवलं आणि सांगितलं, "पत्रा उद्या सडंल. जिथं बीड हाय तिथं घाल." अशा रीतीने इंजिनाच्या ओतीव लोखंडी कुशीला, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, अक्कांचं नाव, वडिलांचं नाव आणि खाली 'आंदण' हा शब्द कोरला गेला. सोळा वर्षांच्या मुलीला हे सुचलं, यातच सगळं आलं.

ती नुसती हौस नव्हती, हे मला सासरी आल्यावर कळलं. आमच्या घरात नाव घातलेल्या भांड्याला त्या बाईला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, करारी माणूस, त्यांच्या आवाजाने बैल थांबायचे, पण अक्कांच्या घंगाळात आंघोळीचं पाणी काढायचं तर "थोरले, घेऊ का गं?" असं विचारून काढायचे. मोटारीचंही तसंच. इंजिनावर नाव अक्कांचं, म्हणून मोटार अक्कांची. त्यांचे यजमान, आमचे थोरले भाऊजी, यांना साखर कारखान्याच्या बैठकीला मोटार हवी असली की आदल्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायला लागत. आमटी फार छान झाली आहे म्हणाले, की आम्ही समजायचो उद्या बैठक आहे.

अक्कांच्या लेखी मोटार हे एक भांडंच होतं, जरा मोठं आणि चाकं असलेलं. म्हणून भांड्यांचे सगळे नियम तिला लागू. पुढचे दिवे चिंचेने घासायचे. आत ओतायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, मग दुष्काळ असो की सुकाळ. तेल बदललं की चिमटीत धरून, नाकाशी नेऊन, लोणी कढवल्यावर तुपाची करतात तशी त्याची पारख व्हायची आणि "जरा करपलंय" असा निकाल लागायचा. थंडीत बॉनेटवर गोधडी, उन्हाळ्यात त्याच बॉनेटवर कुरडया. राहुरीच्या बाजाराहून परत आल्या की खाली उतरायच्या आधी मला हाक, "धाकले, इंजिन तापलंय तवर सांडगे घाल गं वर, ऊब फुकट जाती." आमच्या सांडग्यांना पेट्रोलचा किंचित वास यायचा. पाहुण्यांना तो हिंगाचा वाटायचा आणि आम्ही काही बोलत नव्हतो.

सगळ्यांत कडक नियम उसनवारीचा. शेजारणीचं भांडं परत करताना ते रिकामं द्यायचं नाही, दोन दाणे साखर का होईना, काहीतरी घालून द्यायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अक्कांनी तो नियम मोटारीला लावला. कुणाची वरात असो, कुणाचं आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं असो, अक्का मोटार द्यायच्या, बहुधा स्वतःच चालवत न्यायच्या; पण परत येताना मागच्या बाकावर काहीतरी असलं पाहिजे. कधी वांगी यायची, कधी हरभऱ्याच्या पेंढ्या, एकदा तर जिवंत बोकड खिडकीतून तोंड काढून सगळ्या रस्त्याला दर्शन देत आला. एकदा एका नव्या तलाठ्याने बायकोला माहेराहून आणायला मोटार नेली आणि सोबत धाडलेल्या ड्रायव्हरच्या हाती रिकामी पाठवली. अक्कांनी मागचं दार उघडून पाहिलं आणि ड्रायव्हरसोबत मोटार तशीच परत धाडली. "त्यास्नी म्हनावं, भांडं रिकामंच आलंय." तलाठी हुशार होता. तासाभराने मोटार आली ती दोन डांगर भोपळे घेऊन.

चालवायच्या कशा, तेही सांगायला हवं. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर डोक्यावरून कमरेत खोचलेला, कपाळाला हे एवढं कुंकू, आणि दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की जात्याचा खुंटाच. वडिलांच्या उसातल्या वाटेवर त्या शिकल्या होत्या, आणि ती वाट गोल होती. त्यामुळे मोटार मागे घ्यायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढे ठाऊक झालं, तरी पटलं नाही. वळायचं असलं तर सबंध गावाला वळसा घालून यायच्या. एकदा कालव्याच्या अरुंद बांधावर समोरून उसाची गाडी आली. गाडीवान म्हणाला, "बाई, मागं घ्या." अक्का म्हणाल्या, "तुमी घ्या." तो म्हणाला, "बैल मागं जात न्हाईत." अक्का म्हणाल्या, "माजीबी न्हाई जात." दोघांनीही हे इतक्या शांतपणे सांगितलं की पुढे बोलायला काही उरलंच नाही. अक्कांनी भाकरीचं फडकं सोडलं, त्याला खाली बोलावलं, दोघांनी बांधावर बसून भाकरी खाल्ली. तोवर मागून आलेल्या माणसांनी उसाच्या मोळ्या उतरवून गाडी रानात घेतली. जाताना त्याने पाच ऊस मोटारीत ठेवले. नियम त्यालाही माहीत होता.

एसटीत मात्र अक्का बसत नसत. आपखुशीने एकदाच बसल्या, ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि राहुरीपर्यंत त्याला "आरं दम धर, म्हस हाय", "आता घाल गेर" असं सांगत गेल्या. उतरताना कंडक्टरने हात जोडले. अक्कांना वाटलं, नमस्कार केला.

पण या सगळ्या गमतीजमती झाल्या. अक्कांची मोटार साऱ्या पट्ट्यातल्या बायकांना ठाऊक होती ती वेगळ्याच कामासाठी. त्या काळी सून आपली आपण माहेरी जायची नाही. माहेराहून मूळ यावं लागायचं, म्हणजे भाऊ नाहीतर कुणी मुराळी घ्यायला यायचा, आणि मग पाठवणी. ज्यांना भाऊ नाही, बाप थकलेला आहे, त्या पंचमीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या दाराशी आलेले मुराळी बघत बसायच्या. अशा पोरी अक्का हेरून ठेवायच्या. नागपंचमीच्या आधी एखाद्या सकाळी त्या दारात मोटार उभी राहायची, हॉर्न वाजायचा, आणि अक्का आत न जाता तिथूनच सांगायच्या, "मूळ आलंय. आवर गं पोरी."

एक सासू अशी खमकी होती की तिने उंबऱ्यातच हात आडवे लावले. म्हणाली, "तुमी कोन तिच्या? ना भाऊ, ना चुलता."

अक्का म्हणाल्या, "मी कुनी न्हाई. मोटार आलीया न्यायाला."

"आमच्यात असं धाडत न्हाईत."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि इंजिन बंद करून चाकावर हात ठेवून बसून राहिल्या. "आता ही पोरगी बसल्याबिगर चालू व्हायची न्हाई. लई हट्टी हाय. काय करावं, मलाबी वैताग देती." मोटार दारात अशी आडवी, की न गुरं बाहेर पडतात, न पाण्याची बाई आत येते. घटकाभराने सासूच म्हणाली, "बसव बाई तिला, पर दोन रोजांत आन." मोटार एका झटक्यात सुरू झाली. अक्का सासूला म्हणाल्या, "बगा, वळखती ती मानसं."

मीही त्याच पोरींतली. माझं माहेर राजूरचं, तिकडे अकोले तालुक्यात, वरच्या डोंगरात. भाऊ नाही, वडील माझ्या लग्नानंतर लगेच गेले, आई एकटी. दरवर्षी माझा मुराळी माझ्या सासरच्याच घरातून निघायचा. अक्का मागच्या दाराने बाहेर पडायच्या, मोटार फिरवून पुढच्या दारी आणायच्या, हॉर्न वाजवायच्या, आणि मी हातातलं काम टाकून धावत सुटायची. संगमनेर, अकोले, मग तो घाट. घाटात त्या कधी गाणं म्हणायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. पुढे वाकून इंजिन ऐकायच्या. वर पोचलो की म्हणायच्या, "आलं बग तुजं गाव. लई उंचावर दिलंय देवानं."

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्याच्या पाठोपाठ पेट्रोल महागलं, तेव्हाची ही गोष्ट. मोटार तोवर पिकली होती. मागून निळा धूर सोडायची, तेल प्यायची. वैशाखात राजूरहून निरोप आला की आईने अंथरूण धरलं आहे. अक्कांनी पंचमीची वाट बघितली नाही, दुसऱ्या सकाळी मला घेऊन निघाल्या. भर उन्हात घाट निम्मा चढलो, आणि आतून मुसळाने कांडल्यासारखा आवाज येऊन मोटार थांबली. बॉनेटमधून ही वाफ. अक्का उतरल्या. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे त्यांनी मलाच शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना तवा आठवला नाही, उन्हातनं आलेलं माणूस आठवलं. "तानेली गं," म्हणाल्या, आणि सोबत घेतलेल्या मडक्यातलं गार पाणी, अर्थात फडक्यातून गाळून, तिला पाजलं. आत 'टच्च' असा आवाज झाला. फार लहान आवाज, पण आम्हा दोघींनाही कळला. बाईच्या जातीला भांड्याला तडा गेल्याचा आवाज झोपेतही कळतो.

तरी मला माहेरी पोचवायचं काम राहिलंच होतं. वरच्या पाड्यावरच्या एका शेतकऱ्याने आपले बैल सोडून आणले, दोर लावले, आणि आम्ही राजुरात शिरलो त्या अशा: पुढे बैलजोडी, मागे काळी मोटार, चाकावर अक्का, पदर सारखा केलेला, मान ताठ, आणि भर बाजारातून जाताना हॉर्नसुद्धा वाजवला. आईने अंथरुणातून विचारलं, "कशानं आलीस गं?" मी म्हटलं, "मोटारीनं." ते खोटं नव्हतं.

मोटार पुढे ट्रकवर घालून नगरला मिस्त्रीकडे गेली, आणि घरात ओसरीवर बैठक बसली. मामंजी मधे, एका अंगाला भाऊजी, दुसऱ्या अंगाला आमचे हे, दाराआड मी, आणि दारात अक्का, हातात सूप. मिस्त्रीचा निरोप असा होता की दोन वाटा आहेत. एक, हेच इंजिन सगळं सोडून नव्याने बांधायचं, आतली भोकं कातून त्यात नवे पिस्टन घालायचे आणि तड्यावर पितळ वितळवून जोड द्यायचा. किंवा हे काढून टाकायचं आणि मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन बसवायचं. तेव्हा पेट्रोलच्या धाकाने बरेच लोक तसं करत होते.

आमचे हे म्हणाले, "वैनी, डिझेल परवडंल. पेट्रोल आता पाजवत न्हाई."

"तुमाला कुनी पाजा म्हनलं?" अक्का म्हणाल्या.

भाऊजी जरा दबकतच बोलले. "आगं, भांडं फुटलं तर तू मोडीत देतीसच की. मागल्या साली ती घागर न्हाई दिली तांबटाला?"

हे बिनतोड होतं. अक्कांचाच कायदा त्यांच्यावर उलटवला होता. अक्कांनी सूप थांबवलं. "दिली. पर मी दिली. दुसऱ्या कुनी उचलून न्हाई दिली."

मामंजींनी मान हलवली. "बराबर हाय. मंग थोरले, मी इचारतो. देतीस का मोडीत?"

अक्कांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. मला दाराआडून त्यांचा चेहरा दिसत होता. पेट्रोल नि डिझेलचा प्रश्न नव्हताच तो. डिझेल इंजिन यायचं ते घराच्या पैशाने यायचं, आणि घराच्या पैशाचं इंजिन म्हणजे घराची मोटार. मग भाऊजींनी आमटीची स्तुती करायचं कारण उरणार नव्हतं. आणि पंचमी आली की कुणाच्या दारात मूळ न्यायचं आणि कुणाच्या नाही, हे अक्कांनी ओसरीवर येऊन विचारायचं. "बगून सांगते," एवढंच त्या म्हणाल्या.

बघायला म्हणून आम्ही दोघी नगरला गेलो, आणि गेलो एसटीने. यावरून काय ते समजा. मिस्त्रीच्या कारखान्यात इंजिन उघडं करून ठेवलं होतं. तडा बरोबर नावाच्या खालून, 'आंदण' या शब्दाला चाटून गेला होता. अक्का उकिडव्या बसल्या आणि मडकं घेताना वाजवून बघतात तसं हातातल्या पाटलीने इंजिनावर टकटक केलं. बद्द आवाज आला. मग शेजारचं डिझेल इंजिन वाजवलं. ते घंटेसारखं वाजलं. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्याचा नाद चांगला हाय. माज्याचा बद्द झालाय. खरं ते बोलावं." मला अजून त्यांचं हे वाक्य फार मोठं वाटतं. माहेरच्या वस्तूबद्दल इतकं खरं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मिस्त्री भला माणूस होता. म्हणाला, "बाई, जोड देतो. सपाटीला चालंल. राहुरी करा, श्रीरामपूर करा, म्हाताऱ्या मानसाला नेल्यावानी हळूहळू. पन तापू द्यायचं न्हाई. तापलं की जोड सुटनार."

"घाट?" अक्कांनी विचारलं.

"घाट इसरा."

"आन ह्ये चढंल?" त्यांनी पाटलीने डिझेल दाखवलं.

"ह्ये जीपचं हाय, बाई. झाडावर चढंल."

परत येताना अक्का ड्रायव्हरच्या मागेच बसल्या होत्या. त्याने दोनदा खड्ड्यात चाक घातलं, एकदा म्हशीला जवळजवळ घासून नेली, पण अक्का बोलल्या नाहीत. मला तेव्हा खरी भीती वाटली.

घरी आल्यावर पदर न सोडता त्या ओसरीवर गेल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "डिझेल घाला. पंचमीच्या आत झालं पायजे. आन माजं इंजिन घरी आना, मोडीत द्यायचं न्हाई." भाऊजींना जिंकल्याचा आनंद करायचा की नाही ते कळेना. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. म्हटलं, "अक्का, सपाटीला चाललं असतं की. माझ्या एकटीच्या घाटासाठी तुम्ही नाव सोडलंत."

"गप बस," त्या म्हणाल्या. "बद्द भांडं पान्याला न्हेत न्हाईत, धान्याला ठेवत्यात. त्याचं काय वाईट होतंय? आन तुजी आई काय त्या जोडाच्या भरवशावर ऱ्हानार हाय व्हय?" मग बराच वेळ त्या आंदणाची ताटं घासत बसल्या, स्वच्छ होती तरी.

डिझेल इंजिन बसायच्या आधीच ओसरीवर वाटण्या सुरू झाल्या. सोमवार कारखान्याचा, बाजारचा दिवस आमच्या यांचा, मधले दिवस बघू. अक्का ते ऐकत जायच्या-यायच्या. मला मात्र ते सहन होईना. मी मामंजींसमोर तोवर कधी उभी राहून बोलले नव्हते. त्या दिवशी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, त्यांच्या चहाचा कप खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"काय गं धाकले?"

"नव्या इंजिनावर अक्कांचं नाव घालायचं आहे."

मामंजींनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "त्ये आंदणावर घालत्यात. ह्ये घरानं घेतलंय."

"मी देते आंदण. माझ्याकडून."

"तू?" ते म्हणाले. "घराची वस्तू तू कशी देनार?"

 मी बशी त्यांच्यापुढे सरकवली, पण जागची हलले नाही. मामंजींनी चहा सगळा प्यायला, बशी उपडी केली आणि कालव्याकडे बघत म्हणाले, "घरानं घेतलं, आन घरात तू हायेसच. दे. पर अक्षर मोटं घाल म्हनावं, मला चष्म्याबिगर दिसलं पायजे."

राहुरीच्या बाजारात नावं घालणारा बसायचा, त्याला मी बोलावणं धाडलं. मोटार आणि इंजिन ट्रकवरून आणून मिस्त्री आपल्या माणसांसह आमच्याच अंगणात ते बसवत होता, अक्का रानात गेल्या होत्या. नावं घालणाऱ्याने विचारलं, "काय घालू?" मी सांगितलं ते त्याने दोनदा विचारून घेतलं, कारण असं त्याने जन्मात घातलं नव्हतं. 'थोरल्या जाऊबाईंस, धाकटीकडून आंदण.'

अक्का संध्याकाळी आल्या. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी वाचलं. बोटाने अक्षरांवरून एकदा गेल्या, मग पदराचं टोक ओलं करून छिन्नीने पडलेली भुकटी पुसली. "जाऊबाईंचा ज वाकडा झालाय," म्हणाल्या. मग बॉनेट खाली केलं आणि ओसरीच्या दिशेने, कुणाकडेही न बघता, मोठ्याने म्हणाल्या, "सोमवारी कुनाला मोटार पायजे असंल त्यानं आजच इचारून ठिवावं." भाऊजी जेवायला बसले होते. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "आमटी झकास झालीया."

पंचमीला आम्ही राजूरला गेलो. काय तो आवाज डिझेलचा, जात्यात खडी भरडावी तसा. हॉर्न वाजवायची गरजच राहिली नाही. पण घाटात ती मोटार अशी चढली की अक्का पहिल्यांदाच घाटात बोलल्या. म्हणाल्या, "दांडगी हाय. पर माज्या बाच्या इंजिनावानी गोड न्हाई." वाटेत त्या बैलवाल्याच्या पाड्यावर थांबून दोन पायल्या बाजरी उतरवली, कारण त्याच्या बैलांचं देणं मोटारीकडून राहिलं होतं. आई उठून दारात बसली होती. तिला आमचा आवाज म्हणे घाटाखालून आला होता. पुढे किती पोरी सांगायच्या, तो धडधडाट दोन रानांपलीकडून ऐकू आला की आम्ही वेणी घालायला घ्यायचो.

जुनं इंजिन घरी आलं. अक्कांनी ते मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्याजवळ, नाव बाहेरच्या अंगाला येईल असं उभं करून घेतलं. वरून चार भोकं उघडी. त्यांत त्यांनी माती भरली आणि एकात गवती चहा, एकात पुदिना, एकात ओवा, एकात कोरफड लावली. कुणी विचारलं तर सांगायच्या, "चार शिलिंडर हायती, चारीबी चालू."

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. राजूरचं घर बंद झालं. पंचमी आली तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. पुरणाला डाळ शिजत घातली आणि बसले. तेवढ्यात पुढच्या दारी हॉर्न वाजला, आणि धडधडाटाच्या वर आवाज काढून अक्का ओरडल्या, "मूळ आलंय. आवर गं." मी म्हटलं, "अक्का, कुठं जायचं आता?" त्या म्हणाल्या, "तू बस तर." मी बसले. त्यांनी मोटार कालव्यावरून नेली, देवळालीला वळसा घातला, उसातून, बांधावरून, जिथे कधी गेलो नव्हतो अशा वाटांनी फिरवली, आणि शेवटी आमच्याच वस्तीच्या मागच्या दारी आणून थांबवली. हातात तांब्या घेऊन आधी त्या उतरल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "ये. लांबनं आलीस." त्या दिवशी मला त्यांनी पाटावरून उठू दिलं नाही. आणि मग हे दरवर्षी झालं, त्यांच्याच्याने चाक धरवेनासं होईपर्यंत. मोटार मागे घेता येत नव्हती म्हणून नाही. मला आपलं वाटतं, माहेर जरा लांब असावं म्हणून त्या एवढा वळसा घालायच्या.

आता मोटार नाही, अक्काही नाहीत. पंचमीला अजून मी सकाळी वेणी लवकर घालून बसते, ती सवय म्हणून. मग मागच्या दारी जाते. ओवा अजून आहे, त्याच भोकात. चार पानं भज्यांना खुडते, आणि खुडताना हातातली बांगडी इंजिनावर टेकवून बघते. बद्दच वाजतं. पण नाव अजून स्वच्छ वाचता येतं, चष्म्याशिवाय.